होडीत सात जणांची जागा

माणिकपूरच्या नाक्यावर मोगऱ्याच्या टोपल्या दिसायला लागल्या की लोकांना उन्हाळा आल्याचं कळतं. मला मूल्यमापन आल्याचं कळतं. मोगऱ्याचा यात काही दोष नाही. तो आपल्या वेळेला फुलतो आणि कंपन्यांचं वर्ष नेमकं त्याच वेळेला संपतं, एवढाच दोघांचा संबंध. पण एक वास आणि एक भीती वर्षानुवर्षं एकाच महिन्यात येत राहिली, तर नाक त्यांची गाठ बांधून टाकतं. या वासानं इतरांना काय काय सुचतं म्हणे. मला माणसांची यादी आठवते, आणि प्रत्येक नावापुढचा एक ते पाचमधला एक आकडा.

वसईच्या पूर्वेला एका कारखान्यात माझी नोकरी झाली. गॅसच्या शेगडीला लागतात ते व्हॉल्व्ह आम्ही बनवायचो. मी लागलो तेव्हा माझ्या दारावर ‘कार्मिक अधिकारी’ अशी पाटी होती. पुढे ती ‘मनुष्यबळ विकास’ झाली आणि शेवटी शेवटी ‘लोक आणि संस्कृती’. पाटी बदलायला प्रत्येक वेळी तोच रंगारी यायचा. खोली तीच राहिली, खुर्ची तीच राहिली, कपाटाचं डावं दार पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अडकत राहिलं. माणसाला मनुष्यबळ म्हणण्यात एक सोय असते. बळाचे डोळे अधू होत नाहीत, बळाची मुलगी बाळंतपणाला येत नाही. बळ कमी पडलं तर वाढवायचं, जास्त झालं तर घटवायचं. मी हे सगळं गंमत म्हणून लोकांना सांगायचो. माझा स्वभावच तसा. समारंभाला जायचं, मागच्या रांगेत बसायचं आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलून त्याला हसवायचं. पुष्कळ वर्षं मला वाटत होतं की जो हसतो तो त्यात सामील नसतो.

आज सकाळपासून माझी मुलगी मुग्धा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आहे. ती अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत आहे, पण मार्चमध्ये घरूनच काम करायचे दिवस जास्त मागून घेते. माणसांचे गुण भरायचे तर माणसं समोर नसलेली बरी, असं ती म्हणते. तिच्या हाताखाली थोडी माणसं आहेत. तिच्या कंपनीत त्यांना हाताखालची म्हणत नाहीत, सोबतची म्हणतात. मघाशी मी तिच्या पाठीमागून पाण्याची बाटली घ्यायला गेलो, तर पडद्यावर एक चौकट लाल झालेली दिसली. तो लाल रंग मी ओळखला.

तसा तो पहिल्यांदा पाहिला, त्या वर्षी कंपनीनं नेते घडवायचं ठरवलं होतं.

मुंबईच्या मुख्य कार्यालयाला अचानक शोध लागला की आपल्याकडे व्यवस्थापक आहेत, सुपरवायझर आहेत, पण नेते नाहीत. मग ‘उदय’ नावाचा कार्यक्रम आला. अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा. प्रत्येक विभागातून एक ‘उद्याचा नेता’ पाठवायचा होता. असेंब्लीच्या तीन नंबर लाइनवरून आम्ही इनासला पाठवलं, कारण बाजारातून परत येणारा माल त्याच्या लाइनचा सगळ्यात कमी असायचा. का कमी असायचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

इनास पाचूबंदरचा. घरची मासेमारी. थोरल्या काकाच्या बोटीवर पोरवयात चार-पाच हंगाम गेलेला, मग आयटीआय करून आमच्याकडे चिकटलेला. रुंद खांदे, बोलणं मोजकं. डब्यात बहुतेक वेळा सुके बोंबील असायचे आणि ते सगळ्या लाइनमध्ये फिरायचे. लाइनवरचे आठही जण एकत्र जेवायचे आणि तो त्यांच्यात बसायचा. सुपरवायझरांसाठी वेगळी केबिन होती. तिचा उपयोग तो छत्री ठेवायला करायचा.

कार्यशाळेचा पहिला दिवस नेमका राखेच्या बुधवारी आला. इनास पहाटेच्या मिस्साला जाऊन थेट अर्नाळ्याला आला, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. सुरूच्या झाडांखाली मांडव होता. खुर्च्यांना सॅटिनचे झगे घातले होते आणि मागे मोठे गुलाबी बो बांधले होते. त्यामुळे प्रत्येक खुर्ची लग्नाला आलेल्या आत्यासारखी दिसत होती. प्रशिक्षक समीर सर तिशीतले, कानापासून गालावर आलेला माइक, पांढरे बूट. त्यांनी इनासला पाहून कागदी रुमाल पुढे केला.

“सर, कपाळाला काहीतरी लागलंय.”

“लागलंय ना,” इनास म्हणाला. “आज लावतात.”

माणसा, तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, एवढं सांगायला त्यांच्या पाद्र्याला अंगठाभर राख पुरते. आमच्याकडे त्याच्या उलट सांगायला दोन दिवस आणि दुपारचं बुफे लागलं. हे मी तेव्हा शेजारच्या सेल्सवाल्याच्या कानात बोललो होतो. तो चांगला हसला.

दुपारी होडीचा खेळ झाला. गालिच्यावर एक निळी चादर अंथरली, ती होडी. समीर सरांनी दहा जणांना दहा चिठ्ठ्या वाटल्या. कोणी डॉक्टर, कोणी तरुण आई, कोणी शास्त्रज्ञ, कोणी म्हातारा. इनासला कप्तान मिळाला.

“ओके टीम. तुमचं जहाज बुडतंय. लाइफबोट एकच आहे. तिच्यात फक्त सात जणांची जागा. तुम्ही दहा. तिघांना मागे सोडायचंय. टाइम, पाच मिनिटं. गो.”

पाच मिनिटं लागलीच नाहीत. सेल्सवाला म्हणाला, सगळ्यात आधी एचआरला टाका पाण्यात. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. मग लोक भराभर म्हाताऱ्याकडे वळले, मग गवयाकडे. इनास चिठ्ठी हातात घेऊन चादरीकडे बघत उभा होता.

“होडी लाकडाची का फायबरची?” त्यानं विचारलं.

“सर, ते इम्पॉर्टंट नाहीये.”

“पान्यात तेच बघतात. दोर हाय का?”

“समजा आहे. पण मुद्दा तो नाही, सर. तिघं कोण, हे तुम्ही ठरवायचं.”

“मग झालं की. तिघांनी दोर धरून पान्यात रायचं. अर्ध्या तासानं ते वर, दुसरे तिघे खाली. पाळी लावायची. आपलं पानी काय बर्फाचं नाय.”

समीर सरांनी माइक थोडा नीट केला. “सर, दॅट इज नॉट अॅन ऑप्शन. लीडर म्हणजे टफ डिसिजन घेणारा. तुम्हाला डिसिजन घ्यायला लागेल.”

“घेतला ना,” इनास म्हणाला. “म्हाताऱ्याला शेवटला नंबर.”

मांडवापासून समुद्र पन्नास पावलांवर होता. ओहोटी होती. दोन बायका ओल्या वाळूतून टोपली घेऊन चालल्या होत्या. समीर सरांनी इनासच्या कागदावर ‘निर्णयक्षमता: सुधारणेस वाव’ असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. मी तो फायलीत लावला.

त्या वर्षीचा उन्हाळा लवकर लागला होता. कारखान्याच्या पत्र्याखाली अकरा वाजताच कानशिलं तापायची. उमेळ्याच्या वाडीत अजून चार झाडं मोगऱ्याची राखून असलेली शेवंताबाय रोज केसांत एक गजरा घालून यायची, आणि तेलाच्या, रबराच्या, कापलेल्या पितळेच्या वासातून तो एक वास तीन नंबर लाइनच्या आसपास थांबून राहायचा. शेवंताबाय लाइनवर सगळ्यात जुनी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिचं काम गळती तपासायचं. तयार व्हॉल्व्हमध्ये हवेचा दाब सोडायचा, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की माल बाजूला. हे सोपं काम समजलं जातं. त्या एका बुडबुड्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर उभं असतं, हे ते काम करणाऱ्यालाच माहीत असतं.

तिचे डोळे अधू झाले होते. लाइनवर सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि लाइनच्या बाहेर कोणालाच नाही, मलाही ते नंतर कळलं. ती पाण्यात व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरायची. बुडबुडा दिसायच्या आधी बोटाला कळतो, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. पण त्याला वेळ लागतो. त्यामुळे तिचे नग कमी भरायचे. उरलेले शेजारच्या दोन मुली आपल्या टाकीत ओढून घ्यायच्या. आणि ज्या व्हॉल्व्हबद्दल त्या मुलींना शंका यायची, तो त्या हळूच तिच्याकडे सरकवायच्या. ती डोळे मिटून बोट लावायची आणि मान हलवायची, हो किंवा नाही. परत येणारा माल कमी का, याचं उत्तर एवढंच होतं. ते कुठल्याही तक्त्यात बसणारं नव्हतं.

मार्चमध्ये तक्ता आला. नवीन पद्धत. प्रत्येक लाइनमध्ये एक जण उत्कृष्ट, एक जण तळाचा, बाकी मधले. तसं भरलं नाही तर संगणक ती चौकट लाल करतो आणि पुढे जाऊ देत नाही. इनासनं आठही जणांना तीन गुण दिले होते. मी त्याला खोलीत बोलावलं.

“इनास, हे चालणार नाही. कोणीतरी एक खाली टाकायला लागेल.”

“कशाला?”

“नियम आहे.”

तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “साहेब, माज्या काकाच्या बोटीवर वाटे पडतात ना मासळीचे. तांडेलाला जास्ती असते. तो रस्ता दाखवते, त्याला जास्ती. त्याचं कोनाला काय नाय. पन कमी वाटा कोनालाच नसते. एकाला ताप आला, घरी रायला, तरी त्याचा वाटा काढून ठेवतात. तुमी एक जास्ती सांगा, मी लगेच देतो. कमी कसा देऊ?”

मला हे फार आवडलं. कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. आणि ते आवडल्यामुळेच बहुधा मी जास्त मऊ आवाजात ते वाक्य बोललो.

“अरे, हे फक्त कागदावर असतं. त्यानं कोणाचं काही होत नाही. मुख्य कार्यालयाला चित्र दाखवायचं असतं, दाखवायचं.”

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. इतक्या योजना आल्या आणि गेल्या, इतक्या पाट्या रंगल्या. आधीच्या सगळ्या तक्त्यांचं झालं तेच याचं होणार, कपाटाच्या अडकणाऱ्या दारामागे तो पडून राहणार, अशी माझी खात्री होती. ज्या गोष्टीला आपण हसतो ती आपल्याला दात दाखवणार नाही, ही हसणाऱ्यांची समजूत.

दोन दिवसांनी इनास तक्ता घेऊन आला. बरोबर शेवंताबाय. तळाला तिचं नाव.

तो म्हणाला, “आमी जेवताना बसून ठरवलं. पाळी लावली. या वर्षी शेवंताबाय, पुढल्या वर्षी रमेश, मग एकेक. आठ वर्षांत सगळे होतात. कोनावर अन्याव नाय.”

“आणि पहिल्या या का?”

शेवंताबायनं पदराला हात पुसले. दिवसभर पाण्यात राहून तिची बोटं धुतलेल्या कपड्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली असायची. “मीच बोलले. माजी दोन वर्सं रायली, साहेब. नंतर पाळी ठेवली तर मी निगून जाईन. मग माज्या वाटनीचं पोरांनी का भोगावं? आता घेतली का सुटले.”

“बाय, पण तुला चालेल?”

“कागदावरच हाय ना? इनास बोलला, साहेब बोललेत.”

त्या क्षणाला मी काय केलं, ते मला नीट आठवतं. मी हसलो. मनापासून, आनंदानं हसलो. कंपनीनं पांढरे बूट आणि गुलाबी बो आणून जे शिकवायचा प्रयत्न केला, ते या लोकांनी जेवणाच्या सुट्टीत असं गुंडाळून ठेवलं होतं की संगणकालासुद्धा कळू नये. त्यांनी दोर धरला होता. आणि तळाची जागा त्यांना थोडा वेळ पाण्यात राहण्यासारखी वाटत होती, नंतर वर घेतील. मी तक्ता भरला. चौकटीचा लाल रंग गेला, हिरवा आला. मग मी तो पाठवला. घरी जाताना शेवंताबायनं तिच्या गजऱ्यातली चार फुलं तोडून टेबलावर ठेवली होती. ती दोन दिवस तिथेच तपकिरी होत गेली.

यादी मे महिन्यात आली. पत्रात ‘पुनर्रचना’ असा शब्द होता. तळाच्या गटातल्या सगळ्यांची नावं सलग टाइप केली होती, जोडीला प्रत्येकाचं पत्र पाकिटात तयार. आणि त्याच आठवड्यात, त्याच सहीनं, दुसरं एक पत्र होतं. लोक टिकत नाहीत, हे आपल्यापुढचं सगळ्यात मोठं आव्हान आहे, तरी त्यावर उपाय सुचवण्यासाठी बैठक. ते खरंही होतं. नालासोपाऱ्याहून कंत्राटावर येणारी पोरं गेटवर सकाळी उभी राहायची. त्यांची नावं मला पाठ व्हायच्या आत ती बदलून जायची. कुणी सामान पोचवायच्या कामाला लागायचं, कुणी गावी, कुणी नुसतंच यायचं बंद व्हायचं. मी निघून जाणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचो. का सोडताय, या प्रश्नावर ती माझ्याकडे अशी बघायची की प्रश्न मलाच विचारलाय असं वाटावं. आणि जी बाई टिकली होती, इतकी टिकली होती की तिच्या बोटांना डोळे फुटले, तिचं पाकीट माझ्या टेबलावर होतं.

मी मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथली बाई नवीन होती, तरुण, आवाजानं सभ्य. आमचं बोलणं शब्दाशब्दानं माझ्याजवळ आहे.

“मॅडम, तीन नंबर लाइनचं ते नाव चुकून गेलंय.”

“सर, पण डेटा तुमच्याकडूनच आलाय. तुमची मंजुरी आहे त्यावर.”

“हो, पण त्या खरंच तळाच्या नाहीत. ते त्यांनी...”

“त्यांनी काय, सर? म्हणजे रेटिंग आपसात ठरवलंय का? तसं असेल तर मला ते नोंदवायला लागेल. मग तो अख्ख्या लाइनच्या सचोटीचा प्रश्न होतो. सुपरवायझरसकट.”

ती धमकी देत नव्हती. नियम सांगत होती. मी खिडकीतून खाली बघत होतो. पाण्याच्या टाक्यांशी सगळे वाकून उभे होते. शेवंताबाय धरून आठ, आणि इनास. खरं बोललो असतो तर सगळे गेले असते. खोटं बोललो तर एकच जाणार होती. अर्नाळ्याला गालिच्यावर मी हा खेळ बघितला होता आणि सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो. आता समीर सर नव्हते, चादर नव्हती, आणि पाच मिनिटं तर अजिबातच नव्हती.

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “रेटिंग बरोबर आहे.”

म्हणजे शेवंताबाय ही तीन नंबर लाइनवरची सगळ्यात कुचकामी बाई आहे, असं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ते सांगायला तीन शब्द पुरले. यापेक्षा वेगळं काहीतरी करता आलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो. राजीनामा देता आला असता. वर जाऊन भांडता आलं असतं. मार्चमध्येच, ती दोघं तक्ता घेऊन समोर उभी होती तेव्हा, हसायच्या ऐवजी घाबरता आलं असतं. हे शेवटचं सगळ्यात सोपं होतं आणि तेच मला येत नव्हतं.

पत्र द्यायला मी तिला खोलीत बोलावलं. ती खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा बसली. हात ओले होते, पाकिटाचा कोपरा भिजला. मी सांगत होतो, ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पाकीट कमरेला खोचलं आणि विचारलं,

“मग आता पाळी कोनाची?”

मला वाटलं, तिला काही समजलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागलो, पुनर्रचना वगैरे. ती उठून गेली. ती काय विचारत होती, ते मला पुढच्या वर्षी समजलं. पुढच्या वर्षी तळाला रमेशचं नाव ठरलेलं होतं.

इनास संध्याकाळी आला. दारातच उभा राहिला.

“साहेब, तुमी बोललात कागदावर.”

“हो.”

“कागदच आला.”

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो गेला आणि मी बराच वेळ टेबलावरचे कागद एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करत बसलो.

पुढच्या मार्चमध्ये मोगरा फुलला, तक्ता आला, आणि सगळ्यात आधी भरून आला तो इनासचा. एका दुपारीत. एक वर, एक खाली, बाकी मधले. एकही चौकट लाल नाही. खाली रमेश नव्हता. गेल्याच महिन्यात आलेला नालासोपाऱ्याचा एक पोरगा होता, ज्याचं नाव इनासला धड लिहितासुद्धा आलं नव्हतं. नवा माणूस कुठल्याच पाळीत नव्हता. रमेशला वाचवण्याचा याहून बरा मार्ग कोणाला सुचला नसता. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. जूनपर्यंत तो पोरगा गेटवर दिसेनासा झाला.

त्या वर्षी इनासला काचेची ढाल मिळाली. ‘उदयोन्मुख नेतृत्व’. समीर सर स्वतः आले होते, बूट पांढरेच. इनासकडे हात करून ते म्हणाले की परिवर्तन म्हणतात ते हे, पहिल्या वर्षी या माणसाला तीन नावं सांगता येत नव्हती. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. शेजारी तोच सेल्सवाला होता. माझ्या विनोदासाठी त्यानं कान पुढे केला. मी टाळ्या वाजवत राहिलो.

त्यानंतर इनास केबिनमध्ये जेवायला लागला. छत्री बाहेर आली. काचेतून तो एकटा दिसायचा, डबा उघडून, बोंबील खात. खाली लाइनवर आता प्रत्येकजण आपापले नग मोजायचा, कारण दुसऱ्याचा व्हॉल्व्ह आपल्या टाकीत घेतला तर आपला आकडा उतरतो. शंका आली तर सरकवायला कोणी नव्हतं. वर्षभरात त्या लाइनचा परत येणारा माल वाढला. त्याची मुख्य कार्यालयानं तातडीनं दखल घेतली आणि संघभावना या विषयावर कार्यशाळा ठेवली. अर्नाळ्याला. त्याच रिसॉर्टमध्ये.

मीही यथावकाश निवृत्त झालो. शाल, नारळ, माझ्याबद्दल चार भाषणं. सगळ्यांनी सांगितलं की मी माणसांत रमणारा माणूस होतो. मला पाण्यात कधीच उतरावं लागलं नाही. होडीत माझी जागा पहिल्यापासून धरलेली होती.

शेवंताबाय आता माणिकपूरच्या नाक्यावर टोपली घेऊन बसते. उमेळ्याची वाडी जवळजवळ गेली, तिच्या घराच्या मागे सात मजले उभे राहिले, पण ती चार झाडं अजून आहेत. आज सकाळी मी गेलो होतो. मला टाळता येतं, रस्ता रुंद आहे. मी टाळत नाही. धाडस वगैरे काही नाही, सवय आहे. तिला आता जवळजवळ दिसत नाही. ती कळीवर बोट ठेवते आणि आज संध्याकाळी फुलणाऱ्या कळ्या एका बाजूला, उद्याच्या दुसऱ्या बाजूला करते.

“साहेब का?” तिनं आवाजावरून ओळखलं. “पोरीसाठी का?”

“हो. तिला आवडतो.”

“कामाला जाते ना अजून?”

“जाते. आता मोठी झालीय तिथे. तिच्या हाताखाली माणसं आहेत.”

शेवंताबायचं बोट एका कळीवर थांबलं. “किती जनं?”

“आठ,” मी म्हणालो.

तिनं पानात फुलं बांधली आणि वर एक मूठ जास्त टाकली.

ती फुलं मी वाटीत पाणी घालून मुग्धाच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. तिनं मान न वळवता “थँक्यू बाबा” म्हटलं. दुपार झाली, पंख्याखालीसुद्धा गरम होतंय. तिच्या पडद्यावरची चौकट अजून लालच होती. मग तिनं कानाला फोन लावला आणि खिडकीशी गेली. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. तिचा आवाज चांगला आहे, मऊ, समजूतदार. लोक तिला चांगली बॉस म्हणतात, ते बरोबरच असणार.

“अगं, नाही गं,” ती कोणाला तरी सांगत होती. “इतकं मनावर घेऊ नकोस. मला कोणालातरी टाकायलाच लागतं. हे फक्त कागदावर असतं.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बोलायला तोंड उघडलं. ती वळून बघेपर्यंत ते पुन्हा मिटलं होतं. तिनं भुवया उंचावून, काय, असं विचारलं. मी हातानंच काही नाही म्हटलं.

ती परत येऊन बसली, एक बटण दाबलं, आणि चौकट हिरवी झाली. पलीकडे कोण होती, ते मी विचारलं नाही.